बहुकेंद्री स्पर्शभिंगे

डोळ्याच्या पृष्ठभागावर बसविण्याच्या ज्या भिंगात दूरचे, मधल्या अंतरावरचे आणि जवळचे पाहण्यासाठी वेगवेगळ्या शक्तींचे विभाग असतात, त्यास बहुकेंद्री स्पर्शभिंग म्हणतात. व्यवहारात ही भिंगे ‘मल्टिफोकल कॉन्टॅक्ट लेन्स’ या नावाने ओळखली जातात. वयाच्या चाळिशीनंतर जवळची अक्षरे अस्पष्ट दिसू लागतात. हा दोष चष्म्याशिवाय दूर करण्यासाठी त्यांचा मुख्यतः उपयोग होतो. स्पर्शभिंग प्रत्यक्षात डोळ्याला चिकटलेले नसते; ते स्वच्छमंडलावरील (डोळ्याच्या पारदर्शक पुढच्या भागावरील) अश्रूंच्या पातळ थरावर तरंगत असते. त्यामुळे त्याची निवड करताना भिंगाची शक्ती, अश्रूंची स्थिती, बाहुलीचा आकार, वापरणाऱ्याचे काम आणि स्वच्छता पाळण्याची शक्यता या सर्वांचा एकत्रित विचार करावा लागतो.

चाळिशी : कारण व मापन : निरोगी तरुण डोळ्यातील नेत्रभिंग लवचिक असते. दूरचे पाहताना भिंगाभोवतीचे आलंबी बंध ताणलेले राहून भिंग चपटे होते. जवळचे पाहताना रोमक स्नायू आकुंचन पावतो, बंध सैल पडतात व भिंग अधिक फुगीर होऊन त्याची शक्ती वाढते. या क्रियेस समायोजन म्हणतात. हेर्मान फोन हेल्महोल्ट्स यांनी १८५५ मध्ये तिचे हे स्पष्टीकरण मांडले. वयाबरोबर नेत्रभिंग ताठर होत जाते आणि समायोजनाचा आवाका कमी होत जातो. हा रोग नसून सर्वांच्याच बाबतीत घडणारा बदल आहे. डच वैद्य फ्रान्सिस्कस कोर्नेलिस डॉन्डर्स यांनी १८६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात वय व समायोजन यांचा संबंध पद्धतशीरपणे दाखविला. मराठीत या दोषाला ‘चाळिशी’ असे समर्पक नाव आहे आणि त्यासाठी लावावयाच्या चष्म्यालाही तेच नाव रूढ आहे.

भिंगाची शक्ती डायॉप्टर या एककात मोजतात. मीटरमध्ये दिलेल्या अंतराचा व्यस्तांक म्हणजे त्या अंतरावरील वस्तू पाहण्यास लागणारे समायोजन होय. म्हणजे १ मी. अंतरासाठी १ डायॉप्टर, ५० सेंमी.साठी २ डायॉप्टर, ४० सेंमी.साठी २.५ डायॉप्टर आणि २५ सेंमी.साठी ४ डायॉप्टर समायोजन आवश्यक असते. समायोजनाचा सरासरी आवाका काढण्यासाठी, १८.५ मधून वयाच्या ०.३ पट वजा करावे, असे एक सूत्र प्रचलित आहे. त्यानुसार २० व्या वर्षी हा आवाका १२.५ डायॉप्टर, ४५ व्या वर्षी ५ डायॉप्टर व ६० व्या वर्षी केवळ अर्धा डायॉप्टर येतो. मात्र संपूर्ण आवाका सतत वापरता येत नाही; दीर्घकाळ वाचन करावयाचे असेल, तर त्याचा सुमारे निम्मा भाग राखीव राहावा लागतो. ४५ व्या वर्षी ५ डायॉप्टरांपैकी अडीचच डायॉप्टर सहजपणे वापरता येतात आणि ४० सेंमी. अंतरावरील पुस्तकासाठी नेमके तेवढेच लागतात. या वयाच्या आसपास माणूस पुस्तक लांब धरू लागतो, सुईत दोरा ओवताना उजेडाकडे वळतो व संध्याकाळी डोकेदुखीची तक्रार करतो, याचे कारण या हिशेबात आहे.

समायोजनातील तूट भरून काढण्यासाठी दूरच्या नंबरात जी अधिक शक्ती मिळवावी लागते, तिला जवळची जोड म्हणता येईल. ही जोड ४५ व्या वर्षाच्या सुमारास साधारणतः १ ते १.२५, पन्नाशीत १.५ ते १.७५, ५५ व्या वर्षी २ आणि साठीनंतर २.२५ ते २.५ डायॉप्टर इतकी लागते. साठीनंतर तिच्यात फारशी वाढ होत नाही. कारण कमी होण्यासारखे समायोजनच उरलेले नसते.

हा दोष सार्वत्रिक असला, तरी त्याचे निवारण सार्वत्रिक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या दृष्टिविषयक अहवालानुसार जगात सुमारे १८० कोटी लोकांना चाळिशी असून त्यांपैकी सुमारे ८२.६ कोटींना जवळच्या दृष्टीसाठी योग्य साधन मिळालेले नव्हते. आसाममधील चहाच्या मळ्यांत चाळीस वर्षांवरील ७५१ कामगारांवर केलेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जवळचा चष्मा दिल्यावर पाने खुडण्याच्या कामात सुमारे २२ टक्के अधिक वाढ आढळली. चाळिशीचे निवारण ही केवळ सोयीची बाब नसून तिचा उपजीविकेशी थेट संबंध आहे, हे यावरून स्पष्ट होते.

इतिहास : एकाच चौकटीत दूरचे व जवळचे असे दोन भिंगांचे भाग बसविण्याची कल्पना बेंजामिन फ्रँक्लिन यांच्या १७८४-८५ मधील पत्रव्यवहारात आढळते. शक्ती क्रमाक्रमाने बदलत जाणारे व मध्ये रेषा नसलेले चष्म्याचे भिंग फ्रान्समध्ये बेर्नार मेतनाझ यांनी तयार केले व ते १९५९ मध्ये बाजारात आले. स्पर्शभिंगाचा उगम स्वतंत्रपणे झाला. झुरिक येथे आडोल्फ फिक यांनी १८८७-८८ मध्ये काचेची, श्वेतपटलावर टेकणारी भिंगे रुग्णांच्या डोळ्यांवर बसवून पाहिली. ही भिंगे जड होती आणि थोडा वेळच सहन होत. १९४८ मध्ये अमेरिकेत केव्हिन टुओही यांनी केवळ स्वच्छमंडलावर बसणारे प्लॅस्टिकचे लहान भिंग प्रचारात आणले. चेकोस्लोव्हाकियातील रसायनशास्त्रज्ञ ओटो व्हिख्टर्ले व द्राहोस्लाव्ह लीम यांनी पाणी शोषून मऊ होणारे बहुवारिक शोधून काढले. १९६१ च्या नाताळात व्हिख्टर्ले यांनी मुलांच्या जोडणीच्या खेळण्याचे भाग वापरून घरीच फिरते यंत्र बनविले व त्यावर मऊ भिंगे ओतून दाखविली. अमेरिकेत मऊ भिंगांना १९७१ मध्ये मान्यता मिळाली. ऑक्सिजन आरपार जाऊ देणारी कडक भिंगे १९७० नंतरच्या दशकात, ठराविक काळानंतर टाकून द्यावयाची मऊ भिंगे १९८७ च्या सुमारास आणि अधिक ऑक्सिजन जाऊ देणारी सिलिकॉनयुक्त मऊ भिंगे १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस उपलब्ध झाली. बहुकेंद्री रचना या सर्व द्रव्यांत क्रमाने येत गेली.

प्रकार व कार्य : चाळिशीसाठी स्पर्शभिंगे वापरण्याच्या तीन प्रमुख पद्धती आहेत.

(१) समकालिक दृष्टीची भिंगे : बहुतेक मऊ बहुकेंद्री भिंगे या प्रकारची असतात. चष्म्याच्या द्विकेंद्री भिंगात दृष्टी खाली वळविली की डोळा दुसऱ्या विभागातून पाहतो. मऊ स्पर्शभिंग मात्र डोळ्याबरोबरच फिरत असल्याने असा विभागबदल होत नाही. बाहुलीसमोर दूरचे व जवळचे असे दोन्ही विभाग एकाच वेळी असतात आणि जालपटलावर स्पष्ट व अस्पष्ट अशा दोन्ही प्रतिमा एकदमच पडतात. त्यांपैकी हवी ती प्रतिमा निवडून दुसरीकडे दुर्लक्ष करणे मेंदूला शिकावे लागते. काही भिंगांत मध्यभागी जवळची शक्ती व कडेला दूरची, तर काहींत याच्या उलट मांडणी असते. काहींत एकाआड एक समकेंद्री वलये असतात, तर काहींत शक्ती मध्यापासून कडेकडे सलगपणे बदलते. जवळचे पाहताना बाहुली आकुंचित होते. म्हणून मध्यभागी जवळची शक्ती असलेली रचना वाचनास अनुकूल ठरते. परंतु भर उन्हातही बाहुली लहान होत असल्याने अशा भिंगातून दूरचे किंचित धूसर दिसू शकते. रात्री बाहुली मोठी झाल्यावर कडेचे विभागही वापरात येतात व दिव्यांभोवती वलये दिसतात.

(२) एकांतर दृष्टीची भिंगे : ही कडक व वायुपार्य असतात. त्यांच्या वरच्या भागात दूरची व खालच्या भागात जवळची शक्ती असते. भिंगाची खालची कड जड किंवा सपाट ठेवलेली असल्याने ते डोळ्यात फिरत नाही. वाचण्यासाठी नजर खाली वळविली की भिंग खालच्या पापणीवर टेकून वर सरकते व बाहुलीसमोर जवळचा विभाग येतो. दोन्ही प्रतिमा बऱ्याच स्पष्ट मिळतात, हा त्यांचा गुण होय. तथापि त्यांची सवय होण्यास वेळ लागतो. पापण्यांची ठेवण योग्य असावी लागते आणि समोर किंवा वर असलेली जवळची वस्तू त्यांतून नीट दिसत नाही.

(३) एकाक्ष पद्धती : हिच्यात भिंगे साधी, एकाच शक्तीची असतात, एका डोळ्याला दूरचा व दुसऱ्याला जवळचा नंबर देतात. सामान्यतः प्रभावी डोळा दूरच्या दृष्टीसाठी ठेवतात. ही पद्धत सोपी व कमी खर्चाची आहे. परंतु जोड जसजशी वाढते तसतसा दोन डोळ्यांतील फरक वाढतो आणि खोलीचे ज्ञान कमी होते. हिचाच एक सुधारित प्रकार म्हणजे दोन्ही डोळ्यांना बहुकेंद्री भिंगे देऊन एकात दूरच्या व दुसऱ्यात जवळच्या दृष्टीला थोडे झुकते माप देणे होय.

निवड : प्रथम डोळ्यांची संपूर्ण तपासणी आवश्यक असते. चाळिशीच्या वयातच काचबिंदू, मोतीबिंदू व मधुमेहजन्य जालपटलविकार यांची सुरुवात होऊ शकते. वाचता येत नाही म्हणून परस्पर भिंगे घेतल्यास हे विकार दडून राहण्याचा धोका असतो. यानंतर अश्रूंची परीक्षा करतात. वयाबरोबर, विशेषतः स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर, अश्रू कमी होतात किंवा लवकर सुकतात. पापणी न लववता अश्रूंचा थर १० सेकंदांच्या आतच फुटत असेल, तर भिंगे दिवसभर सहन होण्याची शक्यता कमी असते. पापण्यांच्या कडांचा दाह, वारंवार होणारा नेत्रसंसर्ग, अनियंत्रित मधुमेह व हातांचा कंप असेल, तर भिंगे न देणेच श्रेयस्कर असते.

दूरचा नंबर नव्याने काढून तो स्पर्शभिंगासाठी बदलून घ्यावा लागतो. चष्म्याचे भिंग डोळ्यापासून सुमारे १२ मिमी. दूर असते, स्पर्शभिंग मात्र डोळ्यावरच असते. म्हणून ४ डायॉप्टरांपेक्षा अधिक नंबरात फरक पडतो. उदा., चष्म्यातील उणे ६ डायॉप्टरांच्या जागी स्पर्शभिंगात उणे ५.५ डायॉप्टर पुरेसे होतात. अबिंदुकता सुमारे ०.७५ डायॉप्टरांपेक्षा जास्त असल्यास साधे बहुकेंद्री मऊ भिंग समाधानकारक ठरत नाही. त्यासाठी अबिंदुकता सुधारणारे वेगळे भिंग वापरावे लागते.

निकटदृष्टी असलेल्या व्यक्तीला येथे एक अनपेक्षित अनुभव येतो. उणे ६ डायॉप्टरांच्या चष्म्यातून ४० सेंमी. अंतरावरील मजकूर वाचण्यास सुमारे २.१ डायॉप्टर समायोजन लागते. स्पर्शभिंगातून तेच सुमारे २.४ डायॉप्टर लागते. म्हणजे चष्मा सोडून भिंगे घालताच चाळिशी थोडी वाढल्यासारखी वाटते. दूरदृष्टी असलेल्यांना याच्या उलट, थोडी सवलत मिळते. शिवाय ज्यांचा नंबर उणे अडीच ते तीन आहे त्यांना चष्मा काढताच जवळचे उत्तम दिसत असते. ही सोय भिंगे घातल्यावर नाहीशी होते, म्हणून अशा व्यक्तींचे समाधान करणे विशेष अवघड असते.

भिंगे डोळ्यात घातल्यानंतर १५ ते २० मिनिटे स्थिर होऊ देऊन मगच तपासणी करतात. ती दोन्ही डोळे उघडे ठेवून व नेहमीच्या प्रकाशात करावी लागते. एकेक डोळा झाकून केलेली तपासणी येथे दिशाभूल करते. जवळचे मजकूरपत्रक वाचून दाखविणे पुरेसे नसते. भ्रमणध्वनी पाहणे, दाराबाहेरची पाटी वाचणे, सही करणे यांसारखी प्रत्यक्ष कामे करून घेणे अधिक उपयुक्त ठरते. सुरुवात शक्य तितक्या कमी जोडीने करतात. कारण जोड वाढविली की जवळचे सुधारते, पण दूरच्या प्रतिमेतील उठाव कमी होतो. यानंतर एक ते दोन आठवडे भिंगे घरी वापरू देऊन मगच ती विकत घ्यावीत. पहिल्या दिवशीच्या पसंतीवरून किंवा नापसंतीवरून निर्णय घेणे योग्य नाही.

कामाचे अंतर : योग्य भिंग कोणते, हे वयापेक्षाही रोजच्या कामाच्या अंतरावर अवलंबून असते. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील नृसिंहवाडी आणि तिचा परिसर यांवरून हा मुद्दा चांगला स्पष्ट होतो. कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमावरील हे दत्तक्षेत्र असून नृसिंहसरस्वतींचे येथे बारा वर्षे वास्तव्य होते, अशी परंपरा आहे. सरस्वती गंगाधर यांच्या गुरुचरित्र या ग्रंथाच्या सप्ताहपारायणासाठी येथे भाविक येतात व त्यांत चाळिशी ओलांडलेल्यांचा भरणा स्वाभाविकच असतो. मांडी घालून बसलेला वाचक व समोरच्या चौरंगावरील पोथी यांमध्ये साधारणतः ५० ते ६० सेंमी. अंतर असते. त्यासाठी पावणेदोन ते दोन डायॉप्टर लागतात. पोथीचा टाइपही बहुधा मोठा असतो. तोच वाचक ३३ सेंमी.वर धरलेल्या भ्रमणध्वनीवरील बारीक अक्षरे पाहतो, तेव्हा त्याला ३ डायॉप्टर लागतात. पोथीसाठी मध्यम जोडीचे भिंग पुरेसे असते. भ्रमणध्वनीसाठी तेच अपुरे पडते. पारायणात नजर दीर्घकाळ खाली असल्याने एकांतर दृष्टीचे कडक भिंगही येथे उपयोगी पडू शकते. मात्र स्थिर नजरेने वाचताना पापण्या कमी वेळा लवतात व भिंग कोरडे पडते. समईच्या मंद प्रकाशात तर कोणत्याही बहुकेंद्री भिंगाची उणीव अधिक जाणवते. चांगला दिवा लावणे हा त्यावरील सर्वांत स्वस्त उपाय होय.

याच परिसरातील उद्योगांची गरज वेगळी आहे. हुपरी येथील चांदीच्या दागिन्यांच्या बारीक कामात वस्तू २५ सेंमी. इतक्या जवळ धरावी लागते. त्यासाठी ४ डायॉप्टर लागतात. उलट, बहुकेंद्री मऊ भिंगांतील सर्वाधिक जोड सामान्यतः अडीच डायॉप्टरांपर्यंतच असते. उरलेला दीड डायॉप्टर साठीच्या कारागिराच्या डोळ्यात नसतो. म्हणून त्याला भिंगांवरून कामापुरता चष्मा लावावाच लागतो. डाग देताना उडणारे कण व आम्लाच्या वाफा यांपासून भिंग संरक्षण करीत नाही, हेही लक्षात ठेवावे लागते. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर तुटलेला धागा शोधण्याचे अंतर अर्ध्या मीटरच्या आसपास असल्याने ते बहुकेंद्री भिंगाच्या कक्षेत येते. पण हवेतील कापसाचे तंतू भिंगावर बसून डोळा चुरचुरतो. गुऱ्हाळाचा धूर, उसाच्या फडातील धूळ, देवळातील धूपकापूर, बुक्का व गुलाल यांचाही असाच त्रास होतो. रात्री वाहन चालविणाऱ्यांना समोरच्या दिव्यांभोवतीची वलये धोक्याची ठरू शकतात. त्यांनी चालविताना दूरचा चष्मा किंवा केवळ दूरच्या नंबराची भिंगे वापरणे हितावह असते.

पाणी, संसर्ग व निगा : स्पर्शभिंगाचा सर्वांत गंभीर धोका म्हणजे स्वच्छमंडलाचा जंतुजन्य दाह होय. अमेरिकेतील न्यू इंग्लंड भागातील १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, मऊ भिंगे फक्त दिवसा वापरणाऱ्या दर १०,००० व्यक्तींपैकी वर्षाला सुमारे ४ जणांना, तर रात्रीही न काढणाऱ्यांपैकी सुमारे २१ जणांना असा व्रणयुक्त दाह झाल्याचे आढळले. भिंग घालून झोपल्याने धोका सुमारे पाच पट होतो, असा याचा अर्थ आहे.

जंतूंखेरीज अकँथामीबा हा एकपेशीय प्राणीही स्वच्छमंडलाचा तीव्र दाह घडवून आणतो. नदी, तळे, विहीर, नळाचे पाणी व माती या सर्व ठिकाणी तो मुक्तपणे राहतो. प्रतिकूल स्थितीत तो जाड आवरणाचे कोष्ठ बनवितो व क्लोरिनच्या नेहमीच्या प्रमाणालाही दाद देत नाही. त्याच्यामुळे होणाऱ्या डोळ्याच्या विकाराची पहिली वर्णने १९७४-७५ मध्ये प्रसिद्ध झाली. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत असे रुग्ण एकाएकी वाढले. भिंगांसाठी घरी मीठ व पाणी मिसळून द्रावण करण्याच्या सवयीशी त्याचा संबंध असल्याचे तपासात दिसून आले. भारतात भिंगे न वापरणाऱ्यांनाही, डोळ्यात गढूळ पाणी किंवा माती गेल्याने, हा विकार होतो. तो अतिशय वेदनादायक असून उपचार महिनोन्‌महिने चालतात. स्वच्छमंडलावर पडलेल्या डागामुळे दृष्टी कायमची जाऊ शकते.

नृसिंहवाडीस ही सूचना विशेष लागू पडते. येथील यात्रेत नदीस्नानाला महत्त्व आहे. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चढून मंदिरात शिरते व पादुकांवरून वाहत दक्षिण दरवाजाने बाहेर पडते. या दक्षिणद्वार सोहळ्याच्या वेळी त्या पाण्यात स्नान करण्यासाठी भाविकांची गर्दी होते. पुराच्या पाण्यात गाळ, सांडपाणी व असंख्य सूक्ष्मजीव असतात. मऊ भिंग असे पाणी शोषून घेते आणि जंतूंना डोळ्याशी तासन्‌तास धरून ठेवते. म्हणून स्नानापूर्वी भिंगे काढून ठेवणे, स्नानानंतर हात साबणाने धुऊन कोरडे करणे व त्यानंतरच नवी किंवा निर्जंतुक केलेली भिंगे घालणे अत्यावश्यक आहे. पाण्यात उतरताना भिंग चुकून डोळ्यातच राहिले, तर ते पुन्हा न वापरता टाकून द्यावे. रोज नवी जोडी वापरून टाकून द्यावयाची भिंगे यात्रेकरूला या दृष्टीने सर्वांत सुरक्षित असतात. २००५, २०१९ व २०२१ मध्ये या भागात आले तसे महापूर येतात, तेव्हा शुद्ध पाण्याचा पुरवठाच खंडित होतो. अशा दिवसांत भिंगे पूर्णपणे बंद ठेवून चष्मा वापरावा. भिंगे वापरणाऱ्या प्रत्येकाजवळ योग्य नंबरचा चष्मा असलाच पाहिजे, या नियमाचे महत्त्व अशा वेळी कळून येते.

नित्याच्या निगेचे नियम थोडे, पण कडक आहेत. भिंगाला नळाचे पाणी किंवा थुंकी कधीही लावू नये. डबीतील जुने द्रावण ओतून टाकून दर वेळी नवे भरावे. जुन्यात भर घालू नये. डबी द्रावणाने धुऊन उघडी वाळवावी व दर तीन महिन्यांनी बदलावी. ठरलेली मुदत संपल्यावर भिंग चांगले दिसत असले, तरी टाकून द्यावे. डोक्याला तेल लावणे, काजळ घालणे इ. गोष्टी भिंगे घातल्यानंतर व बेताने कराव्यात. डोळा लाल होणे, दुखणे, उजेड सहन न होणे किंवा अंधुक दिसणे यांपैकी एकही लक्षण आढळल्यास भिंग ताबडतोब काढून नेत्रवैद्याकडे जावे. औषधाच्या दुकानातून परस्पर थेंब आणून घालणे घातक ठरते. ग्रामीण भागातील भिंगधारकाने, तातडीच्या वेळी कोठे जावयाचे, हे भिंगे घेतानाच ठरवून ठेवणे शहाणपणाचे असते. नृसिंहवाडीस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वैद्यकीय केंद्र म्हणून प्रसिद्ध असलेले मिरज शहर जवळ आहे.

मर्यादा व पर्याय : बहुकेंद्री भिंग तरुणपणीची दृष्टी परत देत नाही. सर्व अंतरांवर पुरेसे, पण कोणत्याही एका अंतरावर सर्वोत्तम नव्हे, अशी तडजोड तिच्यात असते. प्रकाश दोन किंवा अधिक प्रतिमांत विभागला गेल्याने फिकट अक्षरे व मंद प्रकाश यांत उणीव जाणवते. दिवसातील बहुतेक कामे चष्म्याशिवाय होणे व अतिबारीक कामापुरता चष्मा लागणे, हे या भिंगांचे वास्तव यश समजावयास हवे. ही अपेक्षा प्रथमच स्पष्ट केली असता निराशेने भिंगे सोडून देण्याचे प्रमाण कमी होते.

पर्यायांमध्ये जवळचा साधा चष्मा सर्वांत स्वस्त व निर्धोक आहे. द्विकेंद्री आणि क्रमशक्ती बदलणारे चष्मे दूरचे व जवळचे अशी दोन्ही कामे करतात. मात्र जिना उतरताना खालचा भाग अस्पष्ट दिसत असल्याने वृद्धांनी सावध राहावे लागते. घाटाच्या ओल्या पायऱ्यांवर ही सावधगिरी अधिकच हवी. दूरच्या नंबराची साधी स्पर्शभिंगे घालून वाचताना वरून जवळचा चष्मा लावणे, हाही अनेकांना मानवणारा मार्ग आहे. बाहुली लहान करून जवळची दृष्टी काही तास सुधारणाऱ्या पायलोकार्पिनच्या थेंबांना अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. परंतु अंधारात कमी दिसणे, डोके दुखणे यांसारखे दुष्परिणाम त्यांत असतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करावयाची असल्यास डोळ्याच्या आत बहुकेंद्री भिंग बसविता येते. ते काढून बदलणे सोपे नसल्याने, अशी तडजोड आपल्या डोळ्यांना मानवते की नाही, याचा अंदाज काही वेळा आधी स्पर्शभिंगे वापरून घेतला जातो.

खर्चाचाही विचार करावा लागतो. चष्मा एकदा घेतला की काही वर्षे पुरतो. भिंगे, द्रावण व तपासण्या यांवरील खर्च मात्र चालूच राहतो. पैसे वाचविण्यासाठी भिंगे मुदतीपलीकडे वापरणे किंवा द्रावणात काटकसर करणे यांतून गंभीर विकार उद्‌भवतात. ज्याला हा नियमित खर्च व रोजची स्वच्छता दीर्घकाळ सांभाळता येणार नाही, त्याच्या दृष्टीने साधी चाळिशी हेच अधिक चांगले साधन होय.